घरातला ॲडमिन कोण? वाचकांचे कॉम्प्युटरचे प्रश्न

मागच्या अंकात लिहिलं होतं की घरच्या कॉम्प्युटरच्या सुरक्षेबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा, तर इतके प्रश्न आले की निम्मे पुढच्या अंकावर ढकलावे लागले. बहुतेक इंदूरचेच आहेत, सुदामानगर, रामबाग, स्नेहलतागंज, लोकमान्यनगर, एखादा देवासचा, एक महूचा. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं कोणाचीच छापत नाही, कारण दोघातिघांनी प्रश्नासोबत चक्क पासवर्डच लिहून पाठवलाय. तो आधी बदला, मग उत्तर वाचा. विंडोजमधल्या बटणांची नावं स्क्रीनवर दिसतात तशीच ठेवलीत, फक्त देवनागरीत, म्हणजे शोधायला सोपं.

आमच्याकडे जुना असेंबल्ड कॉम्प्युटर आहे, विंडोज १० वाला. सारखा मेसेज येतो की सपोर्ट संपला. दुकानदार म्हणतो "अंकल, अब तो नया ही लेना पड़ेगा", मुलगा पुण्याहून फोनवर म्हणतो काही होत नाही बाबा, दुर्लक्ष करा. मी पेन्शन, बँक आणि यूट्यूबवर नाट्यसंगीत एवढंच करतो. कोणाचं ऐकू? (निवृत्त वाचक, सुदामानगर)

काका, दोघांचंही नका ऐकू. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं आहे. म्हणजे कॉम्प्युटर बंद पडणार असं नाही, नाट्यसंगीत चालूच राहील, पण मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ज्या दुरुस्त्या पाठवतं त्या तुमच्याकडे यायच्या थांबल्या. आता गंमत अशी आहे की विंडोज ११ साठी दुरुस्ती आली की ती उलगडून बघणारे लोक असतातच, त्यांना त्यातून कळतं की भोक कुठे होतं, आणि तेच भोक १० मध्ये असेल तर ते तसंच उघडं राहिलेलं असतं. बँकेचं काम करत नसता तर मी पण म्हटलं असतं चालू द्या. तुम्ही करता, म्हणून नाही म्हणत.

मग काय करायचं, तर आधी मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' नावाचं फुकट ॲप टाकून बघा, ते सांगतं की तुमच्या मशीनवर विंडोज ११ चालेल की नाही. साधारण इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चीज लागते. हे टीपीएम पुष्कळदा मशीनमध्ये असतं पण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणारा मशीनचा मूळ प्रोग्राम) बंद असतं, आणि मग ॲप "नाही चालणार" म्हणतं आणि लोक नवा कॉम्प्युटर घेऊन येतात. दुकानदाराला एवढंच विचारा की भाई, बायोस में टीपीएम ऑन करके देखा क्या.

११ खरंच चालत नसेल तर मायक्रोसॉफ्टने घरगुती लोकांसाठी जादा सुरक्षा अपडेट देऊ केलेत, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे आहेत. ३० डॉलर भरून मिळतात, किंवा मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्ज सिंक केल्या तर फुकट. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर 'एनरोल नाऊ' असं दिसतं, फक्त तुमचं विंडोज १० हे २२एच२ आवृत्तीचं पाहिजे. पण हे वेळ काढणं झालं, कायमचा उपाय नव्हे.

तिसरा रस्ता म्हणजे लिनक्स मिंट, विंडोजऐवजी टाकायची दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम. तुमचं सगळं काम ब्राउझरमध्येच आहे ना, मग मिंट फुकट आहे, जुन्या मशीनवर पळतं, आणि दिसायला बरंचसं विंडोजसारखंच आहे. मराठी टायपिंगही होतं. हयातीच्या दाखल्याची काळजी करू नका, जीवन प्रमाण हल्ली फोनवर चेहरा दाखवून होतं, त्याला कॉम्प्युटरला अंगठ्याचं यंत्र जोडायची गरज नाही. मुलगा पुण्याहून दिवाळीत येईल तेव्हा त्याला बसवा त्या कामाला, "काही होत नाही" म्हणतोय ना.

(विंडोज ७ वाले पण चार जण आहेत पत्रांत. अहो त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलाय. त्यावर पत्ते खेळा, बँक नको.)

घरात एकच कॉम्प्युटर, आम्ही दोघं, दोन मुलं, सासूबाई भजनं ऐकतात, आणि भाचा आला की तो पण बसतो. मुलगा गेम उतरवतो आणि मग महिन्याभरात सगळं स्लो. फॉरमॅट करून करून कंटाळले. कुठला अँटिव्हायरस टाकू म्हणजे हे थांबेल? (गृहिणी, लोकमान्यनगर)

ताई, अँटिव्हायरस नाही, तुमच्या घरात ॲडमिन फार झालेत. हा या वेळचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे म्हणून जरा लांब उत्तर देतो.

विंडोज नवं टाकलं की पहिलं जे खातं तयार होतं ते ॲडमिनिस्ट्रेटर असतं. आपल्याकडे दुकानदार एकच खातं बनवून देतो, नाव 'यूजर' किंवा 'एचपी' किंवा 'पीसी', पासवर्ड काही नाही, आणि मग सगळं घर त्याच खात्यावर बसतं. म्हणजे सासूबाई भजन ऐकत असताना सुद्धा कॉम्प्युटरच्या लेखी मालकच बसलेला असतो. मुलाने गेम चालवला, निळ्यापिवळ्या पट्टीची ती खिडकी आली की "या ॲपला बदल करू देऊ का", त्याने यस दाबलं, झालं. त्या गेमच्या पोटात काही असेल तर ते आता सगळ्या मशीनचं मालक. यस दाबायला पासवर्ड लागत नव्हता, हाच खरा घोळ आहे.

उपाय असा की ॲडमिनचं खातं वेगळं ठेवायचं, त्यावर रोज कोणीच बसायचं नाही, आणि घरातल्या सगळ्यांची (तुमचं सुद्धा, मिस्टरांचं सुद्धा) खाती 'स्टँडर्ड' करायची. मग गेम टाकताना ती खिडकी नुसतं यस-नो विचारत नाही, ॲडमिनचा पासवर्ड मागते. मुलगा तुमच्याकडे येतो, तुम्ही बघता काय टाकतोय, ठरवता.

करायचं कसं, आणि क्रम चुकवू नका. सेटिंग्ज, मग अकाउंट्स, मग 'अदर यूजर्स' (विंडोज १० मध्ये 'फॅमिली अँड अदर यूजर्स'), तिथे 'ॲड अकाउंट'. ते ईमेल मागेल, तिथे खाली बारीक अक्षरात असतं की माझ्याकडे या माणसाची साइन-इन माहिती नाही, ते दाबा, पुढच्या पानावर 'ॲड अ यूजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट'. नाव काहीही द्या, घरमालक द्या, पासवर्ड चांगला लांब द्या. आता त्या नव्या खात्यावर क्लिक करून 'चेंज अकाउंट टाइप', आणि त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करा. मग साइन आउट करून त्या नव्या खात्याने एकदा आत जाऊन बघा, नीट उघडतंय ना, पासवर्ड लागतोय ना. ते झालं की आणि मगच, तिथूनच जुन्या खात्याला स्टँडर्ड करा. जुन्या खात्यातले फोटो, डेस्कटॉप, सगळं जागच्या जागी राहतं, काही हलत नाही. मुलांची आणि सासूबाईंची वेगळी खाती बनवा, नवीन खातं मुळातच स्टँडर्ड बनतं.

यातून फायदा अजून एक होतो, एका मुलाने त्याच्या खात्यात काही घाण केली तर ती बहुतेक वेळा त्याच्याच खात्यात राहते, ते खातं उडवलं की काम झालं, फॉरमॅट नको.

आणि हो, दुरुस्तीवाला. तो येतो, पासवर्ड विचारतो, आपण सांगतो, तो जाताना "आंटी अगली बार मैं घर बैठे ही ठीक कर दूँगा" म्हणून एनीडेस्क किंवा तसलं रिमोटचं काहीतरी कायमचं टाकून जातो. मनात काही वाईट नसेल त्याच्या, पण तुमचा कॉम्प्युटर त्याच्या दुकानातून उघडता येतो आणि त्या दुकानात काम करणारा पोरगा सहा महिन्यांनी बदलतो. दुरुस्ती झाली की दोन गोष्टी करा, रिमोटचं ॲप काढून टाका आणि ॲडमिनचा पासवर्ड बदला. संकोच करू नका, त्याला सांगायचीही गरज नाही.

बरं पण अँटिव्हायरस विकत घ्यायचा की नाही ते तर सांगा. (तिघांचा प्रश्न)

घरगुती वापराला विंडोज १० आणि ११ मध्ये आलेला डिफेंडर पुरतो. विकतचा घ्यायचाच असेल तर घ्या, आपल्या पुण्याच्या काटकर बंधूंचा क्विक हील आहे, बाहेरचेही आहेत, पण दोन एकदम ठेवू नका, एकमेकांच्या पायात पाय घालतात. लॅपटॉपसोबत आलेला ट्रायलवाला अँटिव्हायरस मुदत संपून पडलाय आणि रोज लाल खिडकी दाखवतोय, असं निम्म्या घरांत असतं. तो काढून टाका, काढला की डिफेंडर आपोआप चालू होतो.

आणि एक स्पष्टच बोलतो. अँटिव्हायरस पैसे देऊन घ्यायचा आणि विंडोज मात्र चोरीचं, हे काय गणित आहे? "सब डाल दिया है" म्हणून दुकानदार जे विंडोज टाकून देतो, त्यात विकत न घेता विंडोज चालू करून देणारा ॲक्टिव्हेटर नावाचा प्रकार असतो, तो चालवायच्या आधी अँटिव्हायरस बंद करा असं तोच सांगतो. बंद का करायला सांगत असेल? नवीन घेताना बिलावर विंडोज लिहिलंय का बघा, बस.

दुपारी पाककृती शोधत होते, एकदम पूर्ण स्क्रीन लाल, भोंगा वाजायला लागला, बाई इंग्रजीत बोलायला लागली की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस, बंद करू नका, या नंबरवर फोन करा. घाबरून मी बटण दाबून बंदच केला. काही गेलं का माझं? (काकू, स्नेहलतागंज)

काही गेलं नाही काकू, उत्तम केलंत. ते नुसतं वेबपान असतं, पूर्ण स्क्रीनभर पसरवलेलं, आवाजासकट. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, एवढं एक लक्षात ठेवा.

पुढच्या वेळी बटण दाबून बंद करायचीही गरज नाही. एस्केप चार-पाच सेकंद दाबून धरा, स्क्रीन लहान होते, मग टॅब बंद करा. नाहीच झालं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडतो, त्यात ब्राउझरवर क्लिक करून 'एंड टास्क'. ब्राउझर परत उघडल्यावर तो विचारतो की मघाची पानं परत उघडू का, तिथे नाही म्हणा, नाहीतर भोंगा परत.

त्यानंतर कोपऱ्यात सारख्या खिडक्या येत असतील की व्हायरस सापडला, लॉटरी लागली, तर तुमच्याकडून कधीतरी 'अलाव' दाबलं गेलंय. क्रोममध्ये तीन ठिपके, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी मिळालेल्या साइट्सची यादी असते. ओळखीची नसलेली प्रत्येक काढा. याला व्हायरस समजून लोक पाचशे-हजार देऊन फॉरमॅट करून घेतात.

आता याच विषयावर रामबागच्या एकांचं पत्र आहे, त्यांनी त्या नंबरवर फोन केला होता, पलीकडच्याने एक ॲप टाकायला लावलं आणि माऊस आपोआप फिरायला लागला. असं झालं असेल तर बोलत बसू नका, फोन ठेवा आणि आधी राउटरचा प्लग काढा किंवा वायफाय बंद करा, म्हणजे तो बाहेर. मग दुसऱ्या मशीनवरून किंवा फोनवरून (त्याच कॉम्प्युटरवरून नाही) ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदला. बँकेला फोन. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच, लगेच म्हणजे जेवण करून नाही, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात जायला मिनिटं लागतात आणि मध्येच अडवता आले तर येतात. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर पण करता येते. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आहे, त्यात आपल्या हातून पासवर्ड दिला गेला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतर होणारं बँकेचं, असं आहे. म्हणून कळवलंत कधी याचा पुरावा ठेवा, तक्रारीचा नंबर लिहून घ्या. लाज वाटून दोन दिवस घरात न सांगणारे खूप असतात आणि तेच जास्त बुडतात.

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी ईमेलवर घेते. परवा एकाने "ऑर्डर लिस्ट" म्हणून फाइल पाठवली, पीडीएफचं चित्र होतं, उघडली तर काहीच उघडलं नाही. मुलगी म्हणते ती पीडीएफ नव्हतीच. कसं ओळखायचं? (चकली-शेववाल्या काकू, वैशालीनगर)

मुलगी बरोबर असणार. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवून ठेवतं. फाइलचं खरं नाव असतं 'ऑर्डर लिस्ट डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई', त्यातलं शेवटचं ईएक्सई दिसतच नाही, आणि चित्र तर बनवणाऱ्याला हवं ते लावता येतं. म्हणून कुठलंही फोल्डर उघडा, वर 'व्ह्यू' मध्ये जा (११ मध्ये त्याच्या आत 'शो'), आणि 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' वर टिक करा. आता प्रत्येक फाइलचं पूर्ण नाव दिसेल. ईएक्सई, एससीआर, व्हीबीएस, बॅट, एमएसआय, जेएस यातलं काही शेवटी असेल तर ती ऑर्डर नाही, तो प्रोग्राम आहे. झिपमध्ये पासवर्ड लावून पाठवलं असेल आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिला असेल तर आणखीनच संशय धरा, पासवर्डच्या झिपच्या आत स्कॅनरला बघता येत नाही म्हणूनच तसं करतात. अर्धा किलो चकलीच्या ऑर्डरला पासवर्ड कोण लावतं?

तुम्ही उघडलीच आहे, तर विंडोज सिक्युरिटीमध्ये जाऊन 'स्कॅन ऑप्शन्स' मधला 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' चालवा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासतो, पंधरा मिनिटं वगैरे लागतात. आणि पासवर्ड बदला, फोनवरून, कारण अशा फाइलींना सगळ्यात आधी ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड हवे असतात. ग्राहकाला सांगा ऑर्डर मेसेजमध्येच लिही बाबा, भाजणीची किती, तांदळाची किती.

मुलीचा फॉर्म भरायला एमपी ऑनलाइनच्या दुकानात पेन ड्राइव्ह दिली, घरी आणली तर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेत, फाइली उघडत नाहीत. फाइली गेल्या का? (वाचक, महू)

गेल्या नाहीत, लपवल्यात. हा जुनाच प्रकार आहे, झेरॉक्सच्या आणि फॉर्मच्या दुकानांतून फिरत असतो कारण तिथे दिवसभर शंभर पेन ड्राइव्ह लागतात. त्या शॉर्टकटवर डबल क्लिक केलंत की फोल्डर उघडतं पण मागच्या मागे किडा तुमच्या कॉम्प्युटरवर पण येतो. तर क्लिक करू नका. आधी पेन ड्राइव्हवर राइट क्लिक करून डिफेंडरने स्कॅन करा, मग फोल्डर ऑप्शन्समध्ये 'शो हिडन फाइल्स' वर टिक आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' वरची टिक काढा. खऱ्या फाइली फिकट रंगात दिसायला लागतील, कधी कधी नाव नसलेल्या एका फोल्डरमध्ये सगळ्या कोंबलेल्या असतात. तेवढ्या कॉपी करून घ्या, पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा, आणि टिक परत होती तशी लावा.

दुकानात न्यायला एक वेगळीच स्वस्त पेन ड्राइव्ह ठेवा, तिच्यावर त्या दिवशी लागणारे कागदच टाका, फॅमिलीचे फोटो नाही. घरी आली की न उघडता फॉरमॅट. आधार द्यायचंच असेल आणि समोरचा घेत असेल तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि दुकानाच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब उघडून कागद पाठवले असतील तर दुकानातून निघायच्या आधी फोनमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' बघा, तिथून लॉग आउट करा. हे लोक विसरतात. मग तुमच्या सगळ्या गप्पा त्या दुकानात उघड्या.

पासवर्ड डायरीत लिहून ठेवते म्हणून मुलं रागावतात. (आजी, ७४ वर्षं)

रागावू द्या आजी. डायरी घरात, कपाटात असेल तर रशियातल्या कोणाला ती वाचता येत नाही. मॉनिटरला चिकटवू नका आणि फोटो काढून व्हॉट्सॲपवर ठेवू नका, एवढंच. मुलांना उलट विचारा की तुमचा सगळीकडे एकच पासवर्ड आहे ना, कारण खरा धोका तो आहे. कुठल्यातरी शॉपिंगच्या साइटवरून ईमेल आणि पासवर्डाची यादी फुटते आणि मग तीच जोडी बँकेत, जीमेलमध्ये, सगळीकडे लावून बघतात, माणूस नाही, प्रोग्राम लावून बघतो. आपला ईमेल अशा फुटलेल्या यादीत आहे का ते 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर बघता येतं, ट्रॉय हंट म्हणून ऑस्ट्रेलियातला माणूस ती २०१३ पासून चालवतो.

पासवर्ड अवघड नको, लांब हवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहा, मुसळ-टपाल-जांभूळ-शिडी असं काहीतरी (हाच नका घेऊ, आता छापून आला). नातवाचं नाव आणि जन्मसाल नको, अहिल्या१२३ तर नकोच, अर्ध्या इंदूरचा तोच असेल. तरुणांनी डायरीऐवजी बिटवॉर्डनसारखा पासवर्ड मॅनेजर वापरावा, फुकट आहे. आणि जीमेलला टू स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर फोनवर आणखी एक खात्री) आजच लावा. आधी जीमेल, मग बाकी, कारण बाकी सगळ्यांचा 'फरगॉट पासवर्ड' जीमेलवरच येतो.

वर भाड्याने कॉलेजची मुलं राहतात, त्यांना वायफायचा पासवर्ड दिलाय. काही बिघडतं का? (घरमालक, भंवरकुआं)

मुलं चांगली असतील हो, पण त्यांचे मित्र, मित्रांचे मित्र. तुमच्या वायफायवरून जे जाईल ते तुमच्या नावावर. २६ जुलै २००८ ला अहमदाबादच्या स्फोटांच्या आधी जो धमकीचा ईमेल आला तो नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या उघड्या वायफायवरून कोणीतरी पाठवला होता, आणि पोलीस पोचले त्या बिचाऱ्याच्या दारात. टोकाचं उदाहरण आहे, पण पद्धत तीच.

राउटरला 'गेस्ट नेटवर्क' असतं, ते चालू करून मुलांना त्याचा वेगळा पासवर्ड द्या, म्हणजे त्यांना इंटरनेट मिळतं, तुमचा कॉम्प्युटर आणि प्रिंटर दिसत नाही. राउटरच्या खाली चिकटवलेल्या स्टिकरवर एक पत्ता असतो, बहुतेक १९२.१६८.१.१, तो ब्राउझरमध्ये टाकला की आतलं पान उघडतं. त्याचा पासवर्ड वायफायच्या पासवर्डाहून वेगळा असतो, आणि बसवणाऱ्याने तो ॲडमिन-ॲडमिनच ठेवलेला असतो. तो आधी बदला. सिक्युरिटीत डब्ल्यूपीए२ किंवा ३ (वायफायच्या कुलपाचे प्रकार) निवडा, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा. मुलं खोली सोडून गेली की गेस्टचा पासवर्ड बदला.

वीस वर्षांचे फोटो आणि आमच्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंग्ज कॉम्प्युटरवर आहेत. म्हणतात सगळं कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस असतो. मग? (वाचक, देवास)

असतो, रॅन्समवेअर. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आला तेव्हा जगभर लाखो कॉम्प्युटर बंद पडले, आणि वाईट याचं की त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच देऊन ठेवली होती, लोकांनी अपडेट केलं नव्हतं. तर 'अपडेट नंतर' दाबायची सवय मोडा, रात्री झोपताना चालू करून ठेवा.

फोटोंसाठी एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या, सिल्व्हर मॉलला किंवा कुठेही, आणि महिन्यातून एकदा जोडून कॉपी करा आणि काढून कपाटात ठेवा. काढून. लोक घेतात आणि वर्षभर मागे लावूनच ठेवतात, मग रॅन्समवेअर त्या डिस्कला पण कुलूप घालतो, त्याला काय फरक. आणि गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्हवर सिंक आहे म्हणून निर्धास्त राहू नका, इथे फाइल खराब झाली की ती खराब फाइलच वर जाते, जुनी परत मिळवता येते पण ठरावीक दिवसच. भजनांची एक प्रत मंडळातल्या दुसऱ्या कोणाच्या घरी ठेवा, आग-पाणी-चोरी कशातही राहील. कॉपी झाल्यावर त्यातलं एखादं रेकॉर्डिंग दुसऱ्या कॉम्प्युटरवर वाजवून बघा, नुसतं फोल्डर दिसतंय म्हणजे आत आवाज आहे असं नाही.

डिफेंडर वापरत असाल तर विंडोज सिक्युरिटीत 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन' मध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' आहे, ते चालू केलं की अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्समध्ये लिहिता येत नाही. कधी कधी रेकॉर्डिंगचं चांगलं सॉफ्टवेअर पण अडतं, मग तेवढ्याला परवानगी द्यायची.

जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायचाय, डिलीट केलं सगळं. चालेल? (दोघांचा प्रश्न)

नाही, डिलीट केलेलं परत काढता येतं. चालू असेल तर सेटिंग्ज, रिकव्हरी, 'रीसेट धिस पीसी', 'रिमूव्ह एव्हरीथिंग', आणि पुढे 'चेंज सेटिंग्ज' मध्ये 'क्लीन डेटा' ला हो म्हणा, काही तास लागतात, लावून झोपा. बंद पडलेला असेल तर बाजूचं झाकण काढून हार्ड डिस्क तेवढी काढून ठेवा, चार स्क्रू असतात, बाकीचा डबा इ-वेस्टमध्ये द्या, आपल्याकडे कचऱ्याच्या गाडीत त्याचा खण वेगळा आहेच. डिस्क नकोच असेल तर ड्रिलने आरपार दोन-तीन भोकं पाडा. एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपांची डिस्क) असेल तर आतल्या काळ्या चिपांमधून भोक गेलं पाहिजे. लोहचुंबक फिरवून एसएसडीचं काही होत नाही, तो उद्योग करू नका.